ब्रिटनचं स्थळ आणि स्पाउस व्हिसा : निकाहची तारीख धरण्याआधी पाहायचे कागद

रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांतून ब्रिटनला गेलेल्या घराण्यांत आजही मुलासाठी मुलगी पाहायला गावाकडे येतात. मुलगा सुट्टीवर येतो, पंधरा दिवसांत बोलणी, निकाह, वलीमा सगळं उरकतं आणि तो परत जातो. ‘दोन-तीन महिन्यांत व्हिसा होईल’ असं सांगितलेलं असतं. मग कुणाचा पगार कमी भरतो, कुणाच्या पहिल्या तलाकचा कागदच नसतो, आणि मुलगी वर्ष-वर्ष माहेरी बसून राहते. म्हणून हे सगळं मुलीकडच्यांनी आधीच विचारून घ्यावं. विचारल्याने सोयरीक मोडत नाही. मोडलीच, तर ती निकाहआधी मोडलेली बरी.

पहिला प्रश्न : मुलगा तिथे कोणत्या हैसियतीने राहतो? ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला कायम राहण्याची परवानगी असेल, तरच इथे सांगितलेले नियम लागू होतात. तो नोकरीच्या व्हिसावर असेल तर बायको ‘डिपेंडंट’ म्हणून जाते आणि त्याचे नियम वेगळे. ‘लंडनला असतो’ एवढ्यावर समाधान मानू नका.

दुसरा प्रश्न पगाराचा. ११ एप्रिल २०२४ पासून ही अट वर्षाला २९,००० पौंडांची आहे. त्याआधी ती १८,६०० होती, त्यामुळे जुन्या आठवणींवर चालणारे नातेवाईक अजून तोच आकडा सांगतात. नोकरदार मुलाला साधारणपणे सहा महिन्यांच्या पगारपावत्या, त्याच काळाचं बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र द्यावं लागतं. पगारपावती आणि बँकेत जमा झालेली रक्कम जुळली पाहिजे. सासऱ्याचं दुकान किंवा मोठ्या भावाचा पगार यात धरत नाहीत. मुलगी इथे शिक्षिका असली तरी तिचा इथला पगारही धरत नाहीत. पगार नसेल तर बचत दाखवता येते, पण नुसत्या बचतीवर अर्ज करायचा तर ८८,५०० पौंड सहा महिने नवरा-बायकोच्या ताब्यात असले पाहिजेत. मुलाला अपंगत्वाचे ठरावीक सरकारी भत्ते मिळत असतील तर २९,००० ची अट लागत नाही, तिथे घरखर्च भागतो का एवढं पाहतात. राहायला पुरेशी जागा आहे हेही दाखवावं लागतं. नवं जोडपं सासू-सासऱ्यांच्या घरात राहिलं तरी चालतं, फक्त घरात माणसांची गर्दी नको.

आता सगळ्यात नाजूक बाब. मुलाचं आधी लग्न झालेलं असेल तर ‘तलाक दिला आहे’ हे तोंडी उत्तर पुरेसं नाही, आणि तिथल्या शरिया कौन्सिलचा कागदही पुरेसा नाही. ब्रिटनमध्ये घरात बसून दिलेला तलाक तिथला कायदा मानत नाही. तिथे कायद्याने झालेलं किंवा कायद्याने मान्य असलेलं लग्न मोडायला कोर्टाचाच आदेश लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये त्याला पूर्वी ‘डिक्री ॲब्सोल्यूट’ म्हणत, एप्रिल २०२२ पासून ‘फायनल ऑर्डर’ म्हणतात. तो कागद डोळ्यांनी पाहा आणि त्यावरची तारीख आपल्या निकाहच्या आधीची आहे ना, हेही पाहा. पहिलं लग्न कायद्याने चालू असताना, इंग्लंडमध्ये कायमचं घर असलेल्या माणसाने भारतात येऊन दुसरा निकाह केला, तर तिथल्या कायद्याने तो निकाह रद्दबातल. शरियतने आपली मुलगी बीवी आणि तिथल्या कागदावर कुणीच नाही, अशी तिची गत होते.

निकाह कुठे करायचा?

आमचं मत स्पष्ट आहे : इथे करा आणि इथेच नोंदवा. भारतात मुस्लिम पर्सनल लॉप्रमाणे रीतसर झालेला निकाह ब्रिटन कायदेशीर लग्न म्हणून मानतं. तिकडे मात्र नुसता निकाह, सिव्हिल नोंदणीशिवाय, कायद्याच्या लेखी लग्नच ठरत नाही. १९९८ मध्ये लंडनच्या साउथॉलमधल्या एका हॉटेलात झालेल्या निकाहचं प्रकरण ‘अख्तर विरुद्ध खान’ या नावाने कोर्टात गाजलं. सिव्हिल लग्न नंतर करू म्हणता म्हणता राहून गेलं. चार मुलं झाली, संसार मोडला, आणि २०२० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की हे रद्द ठरवण्याइतकंसुद्धा लग्न नव्हतं.

मुलीला साध्या व्हिजिटर व्हिसावर नेऊन तिथे निकाह करू, ही युक्ती तर अजिबात नको. त्या व्हिसावर तिथे लग्न करता येत नाही आणि आत राहून स्पाउस व्हिसात बदलही होत नाही. तिथेच लग्न करायचं असेल तर मंगेतराचा सहा महिन्यांचा व्हिसा असतो. त्यात नोकरी करता येत नाही, त्या मुदतीत सिव्हिल लग्न करावं लागतं आणि मग दुसऱ्या अर्जाची फी पुन्हा भरावी लागते.

नोंदणी आणि नावं

महाराष्ट्रात विवाहनोंदणी १९९८ च्या कायद्याखाली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेत होते. तीन साक्षीदार लागतात, आणि ९० दिवसांच्या आत गेलात तर उशिराचा दंड लागत नाही. मुलगा परत जायच्या आत हे काम उरका, कारण त्याची सही आणि हजेरी लागते. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क यांसह जोडावं लागतं.

नावाचं स्पेलिंग हे आपल्याकडचं जुनं दुखणं. पासपोर्टवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, निकाहनाम्यात काझीसाहेबांनी कानाला आलं तसं तिसरं. निकाहनामा भरताना दोघांचे पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. लग्नानंतर मुलीचं नाव बदलायची व्हिसाला गरज नसते. वडिलांचंच नाव ठेवलं तर पासपोर्टची एक फेरीही वाचते.

इंग्रजीची परीक्षा पहिल्या अर्जाला ‘ए१’ पातळीची, म्हणजे फक्त ऐकणं-बोलणं. ‘आयईएलटीएस लाइफ स्किल्स’ या नावाने ती होते. नेहमीची आयईएलटीएस देऊन बसू नका, ती या व्हिसाला चालत नाही. टीबीची तपासणी ब्रिटनने मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच करायची, तिचं सर्टिफिकेट सहा महिने चालतं. याशिवाय दोघं प्रत्यक्ष भेटलेले आहेत आणि नातं खरं आहे याचा पुरावा लागतो : फोटो, प्रवासाची तिकिटं, कॉल आणि मेसेजची नोंद. निकाहनंतरचे मेसेज पुसून टाकू नका.

खर्च ऐकून बसायला होतं. एप्रिल २०२५ मध्ये बाहेरून करायच्या अर्जाची फी १,९३८ पौंड झाली, आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे ३,१०५ पौंड. मिळून ५,०४३ पौंड, म्हणजे साडेपाच लाख रुपयांच्या पुढे. हा खर्च कोण करणार, ते मेहरच्या बोलणीसोबतच ठरवा. अर्ज नामंजूर झाला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही. फीचे आकडे वरचेवर बदलतात, म्हणून भरायच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पाहा.

व्हिसा मिळाला की

पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असतो. मुदत संपण्याआधी आणखी ३० महिन्यांसाठी अर्ज करायचा, तेव्हा इंग्रजी ‘ए२’. पाच वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज, तेव्हा ‘बी१’. या काळात तिला नोकरी करता येते, सरकारी दवाखाना मिळतो, पण सरकारी भत्ते मिळत नाहीत. मुदतीच्या तारखा तिने स्वतः लिहून ठेवाव्यात, नवऱ्याच्या भरवशावर सोडू नयेत. आता व्हिसा ऑनलाइन खात्यात असतो. त्या खात्याचा ईमेल आणि फोन नंबर तिचाच असावा.

आणि हे तिला निघण्याआधी घरात बसवून सांगा : पासपोर्ट सासरी कुणाकडे ‘सांभाळायला’ द्यायचा नाही, निकाहनाम्याची आणि नोंदणी दाखल्याची एक प्रत माहेरी ठेवायची. तिच्यावर अत्याचार होत असेल तर व्हिसा नवऱ्यामुळे आहे म्हणून सहन करत राहायची सक्ती नाही. अत्याचारामुळे संसार मोडला तर तिला स्वतःच्या नावाने कायम राहण्याचा अर्ज करता येतो, आणि हातात पैसे नसतील तर त्याआधी तीन महिन्यांची तात्पुरती सवलत मागता येते, ज्यात सरकारी मदतही मिळू शकते. नवऱ्याने ‘सुट्टीला जाऊ’ म्हणून भारतात आणून सोडून दिलं, कागद काढून घेतले, तरी जानेवारी २०२४ अखेरपासून तिला इथूनही अर्ज करता येतो. तेव्हा माहेरी ठेवलेली ती प्रत कामाला येते.