कोणाचे स्पेलिंग खरे?

माझ्या भाच्याने सल्फरच्या स्पेलिंगमध्ये 'पीएच'ऐवजी 'एफ' लिहिला, म्हणून त्याचा अर्धा गुण कापला गेला. बाईंचे पुस्तक ब्रिटिश वळणाचे होते.

मूलद्रव्यांच्या स्पेलिंगचे असे वाद जुने आहेत. हम्फ्री डेव्हीने १८०८ मध्ये तुरटीतल्या धातूला, तो हाती येण्यापूर्वीच, 'ॲल्युमियम' हे नाव सुचवले. १८१२ च्या ग्रंथात त्यानेच ते 'ॲल्युमिनम' केले. 'ॲल्युमिनम' कानाला तितके अभिजात वाटत नाही, त्यापेक्षा 'ॲल्युमिनियम' बरे, असे मत त्याच वर्षी एका ब्रिटिश समीक्षकाने मांडले. म्हणजे आज अमेरिकन समजले जाणारे रूप मुळात एका इंग्रजाचेच! अमेरिकन केमिकल सोसायटीने ते १९२५ मध्ये अधिकृत केले.

२००१ साली विकिपीडिया सुरू झाला. तेथे लेखात कोणीही दुरुस्ती करू शकतो. साहजिकच या धातूच्या नावातला एकाने घातलेला 'आय' दुसरा काढू लागला. एरवी तेथील रिवाज असा, की विषय ज्या देशाचा त्या देशाचे स्पेलिंग. नाहीतर लेखात आधीपासून असलेलेच ठेवायचे. पण धातूला देश कोणता? अखेर रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे आयुपॅकचा, आधार घेतला गेला. आयुपॅकने १९९० मध्ये 'ॲल्युमिनियम' ब्रिटिशांचे घेतले आणि सल्फरचा 'एफ' अमेरिकनांचा. (मला यात रसायनशास्त्रापेक्षा मुत्सद्देगिरीच जास्त दिसते.) तरी 'एफ'च्या बाजूने एक मुद्दा आहे. 'पीएच'मुळे हा शब्द ग्रीक वाटतो, पण तो लॅटिन आहे.