वाळवंट कुणाचं? नदीकाठच्या मोकळ्या जागेचा इतिहास आणि आपल्या दिंडीतली मतं

आपल्या दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे एका अर्थी नदीकाठांचा इतिहास आहे. नांदेडात गोदामाईचं दर्शन घ्यायचं, लोहा, अहमदपूर, लातूर, मुरूड, बार्शी करीत चालायचं आणि शेवटी चंद्रभागेच्या वाळवंटात टेकायचं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हाही वारी चुकली नाही. बार्शी लाइटची छोटी गाडी १९०६ साली पंढरीला आणि १९११ साली लातूरला पोचली. थकल्या-भागल्या माणसांना परतीला तिचा मोठा आधार झाला. राज्य बदललं, गाडी आली, पण मुक्कामाची जागा तीच राहिली. वाळवंटात ना भाडं, ना कुलूप, ना कुणी मालक.

या मोकळ्या जागेचं मोल नुसतं सोयीचं नव्हतं. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता, ते नदीपलीकडून देवाला आळवीत. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठं मंदिराचं दार सगळ्यांना उघडलं. वाळवंटाला मात्र दारच नव्हतं. कीर्तनाला कुणीही उभं राहावं, ऐकावं, पायावर डोकं ठेवावं. ही समता मोकळ्या रेतीनं सांभाळली, हे आपण विसरता कामा नये.

पण माणूस वाढला आणि घाणही वाढली. लाखो लोक उघड्यावर बसायचे आणि तो मैला कुणाला तरी हातानं उचलावा लागायचा. ही प्रथा बंद व्हावी म्हणून लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१४ साली न्यायालयानं वाळवंटात तंबू, राहुट्या उभारायला मनाई केली. पुढं नदीपलीकडं ६५ एकरांत वारकऱ्यांच्या मुक्कामाची सोय झाली. त्यालाच आता भक्तिसागर म्हणतात.

यावर दिंडीत एकमत नव्हतं, आजही नाही. जुन्या माळकऱ्यांचं म्हणणं असं, की वाळवंट ही मायची मांडी आहे. तिथं बसायला कुणाला इचारायचं? पांडुरंगाच्या पायथ्याशी निजायचं सुख पलीकडच्या पत्र्याच्या शेडात नाही. बायामाणसांचं मत निराळं पडलं. अंधारात आडोसा शोधायची लाज ज्यांनी भोगली, त्यांना नळ आणि संडास हीच पहिली सेवा वाटली. तरुण मंडळी म्हणतात, आपल्या पुण्यापायी दुसऱ्यानं मैला उचलावा ही कसली वारी? या तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आम्हाला एवढं मात्र दिसतं, की मुक्काम हलला तरी जागेचा हक्क हलू नये. राहुटी नको म्हणून उद्या तिथं पक्कं बांधकाम नको. टाळ-मृदंगाला, स्नानाला, पायी चालणाऱ्याला काठ मोकळाच हवा.

हाच प्रश्न आता आपल्या दारात आहे. नांदेडला २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं गोदेचे घाट सुधारले. बंदाघाटावर दिवाळी पहाटेला गाणं होतं, सगळ्या धर्मांची माणसं येऊन बसतात. मोकळा काठ असा गावाला एकत्र आणतो. उलट लातूरकडं मांजरा, तेरणा उन्हाळ्यात कोरड्या पडल्या की नदी जणू कुणाचीच नाही असं लोक धरून चालतात. कुणी वाळू नेतो, कुणी बांध पुढं सरकवतो, कुणी कचरा टाकतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तो उन्हाळा आठवला, की नदीला कुणीच नसणं किती महाग पडतं ते कळतं.

सरकारी नियमही आपल्या बाजूचाच आहे. पाटबंधारे खातं नदीला दोन पूररेषा आखतं. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत घरं बांधायची नाहीत. बाग, मैदान अशी मोकळी जागा ठेवायची. नदीला पाय पसरायला जागा ठेवली तरच ती गावात शिरत नाही.

म्हणून शताब्दीच्या वर्षी गावोगावच्या माळकऱ्यांना आमची विनंती आहे. ग्रामसभेत उठून विचारा, आपल्या नदीची निळी रेषा कुठून जाते? गावठाणाच्या नकाशात काठची जमीन कुणाच्या नावावर आहे? एकादशीला नुसता उपवास नको, काठ झाडायलाही चला. आपल्या पूर्वजांना वाळवंट मोकळं मिळालं. पुढच्या शंभर वर्षांच्या दिंडीला ते तसंच मिळावं, एवढंच मागणं.

रामकृष्णहरी!