गाठीचा नंबर आणि मजुराची नोंद

कापसाची गाठ कोणत्या प्रेसमधून निघाली हे दूरच्या गिरणीवाल्याला कळावे, म्हणून या देशात १९२५ साली एक कायदा झाला. कंपनीने आपल्या कामगारांची हकीकत भागधारकांपुढे मांडावी, ही सक्ती यायला मात्र त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. शंभर मजूर आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक काम, असे असेल तरच तो कारखाना! जिनाचा हंगाम ठरावीक महिन्यांचा. त्यामुळे पुष्कळ जिने या व्याख्येतून अलगद निसटली. निसटल्यावर तेथे काय चाले, ते खानदेशातल्या जिनांविषयी १८८४-८५ च्या मुंबई कमिशनपुढे झालेल्या साक्षींत वाचावे. घाईच्या दिवसांत तीच माणसे, त्याच बायका, सलग आठ-आठ दिवस रात्रंदिवस रेच्यांवर राबत, असे जिनाच्या धंद्यातल्याच माणसाने सांगितले आहे. त्याच सुमारास नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळावी म्हणून झटत होते. जिनांतल्या मजुरांना असा कैवारी लाभलेला दिसत नाही. हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ साली. आणि १९३४ च्या कायद्यानेही बारमाही कारखान्याला आठवड्याचे चौपन्न तास, तर हंगामी कारखान्याला साठ तास ठेवले. हा भेद १९४८ मध्ये मिटला.

आता १९२५ चा कायदा पाहा. ओला कापूस दाबणे, हलका माल मिसळणे, या लबाड्यांनी हिंदी कापसाची पत गेली होती. म्हणून प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालावयाचा, रोजची वही ठेवावयाची, किती गाठी दाबल्या त्याचा तक्ता दर आठवड्याला सरकारात धाडावयाचा, असे ठरले. नियम चांगलाच होता; त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तो का झाला? माल घेणाऱ्याचा पैसा गुंतला होता आणि त्याने हिशेब मागितला, म्हणून. मजुराच्या तासांची नोंद इन्स्पेक्टर पाही, ती सरकारी अहवालात जाई. कंपनीच्या ताळेबंदात रेचे, इमारत, शिल्लक रुई हे सारे असे; रेच्यावर बसलेली बाई मजुरी खर्चाच्या एका आकड्यात बुडून जाई. ज्याने भांडवल घातले, त्याने त्या आकड्यापलीकडे काही विचारले नाही.

तो विचारू लागला, ही अलीकडची गोष्ट. सेबीने २०१२ पासून मोठ्या शंभर कंपन्यांकडून सामाजिक जबाबदारीचा अहवाल मागितला. २०२२-२३ पासून बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना कायम व कंत्राटी कामगार, वेतन, अपघात, तक्रारी यांचे आकडे देणे भाग पडले. आणि भांडवल घालणारा म्हणजे कोणी परका सावकार नव्हे. आपला प्रॉव्हिडंट फंड, आपला विमा यांचाही पैसा या कंपन्यांत असतो. तेव्हा विचारण्याचा हक्क या सभागृहातल्या पुष्कळांना आहे.

प्रश्न असा, की हा हिशेब किती खोल जातो? २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. २०२० मध्ये एक्कावन्न कुटुंबांनी सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडच्या सरकारी तक्रार केंद्राकडे धाव घेतली. कंपनीने जबाबदारी नाकारली. रोजाने फवारणी करणाऱ्याचे नाव कापड कंपनीच्या मस्टरवर नसते, औषध कंपनीच्याही नसते.

माल पुरवणाऱ्यांकडचीही माहिती द्यावी, असे सेबीने २०२३ मध्ये मोठ्या अडीचशे कंपन्यांना सांगितले होते. पुढे ते ऐच्छिक झाले. आणि कंपनीच्या एकूण खरेदीत ज्याचा वाटा दोन टक्के किंवा अधिक, तेवढाच पुरवठादार मोजावयाचा असे ठरले. वणी-पांढरकवड्याचे एखादे जिन मोठ्या कापड कंपनीच्या खरेदीत दोन टक्के भरत असेल, असे मला वाटत नाही.