बर्थखालचे दहा इंच

जूनचा शेवट आला की मनखूलमधल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये रोज एक तरी नवीकोरी बॅग भेटते. शाळांना सुट्ट्या लागणार असतात, विमानाची तिकिटं कधीच काढून झालेली असतात आणि घराघरांत वजनकाटा दिवाणखान्यात येऊन बसलेला असतो. बदाम-पिस्ते, खजूर, भाचरांसाठी खेळणी, शेजाऱ्यांनी ‘एवढंच छोटंसं’ म्हणून दिलेलं पुडकं... तीस किलोंत काय काय बसवायचं, हे शास्त्र आखातातल्या प्रत्येक मराठी घराला अवगत आहे.

विमानाचं गणित आपण सोडवलेलं असतं. पण आपल्यापैकी अनेकांचं घर मुंबई विमानतळावर येत नाही. तिथून पुढे रात्रीची गाडी असते, कुणाची कोल्हापूरची, कुणाची नागपूरची, कुणाची कोकणातली. आणि त्या गाडीत आपली बॅग बर्थखाली जात नाही. आपण फर्स्ट एसीचं तिकीट काढलं, नशिबाने दोघांचा स्वतंत्र कुपे मिळाला, तरीही जात नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्यावर हा प्रसंग आला. ती का जात नाही हे शोधता शोधता मी रेल्वेच्या पहिल्या दिवसांपर्यंत मागे गेलो. जे हाती लागलं ते मंडळातल्या मित्रांसमोर ठेवतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे आपण शाळेत पाठ केलं आहे. ३४ किलोमीटर अंतर, चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे. त्या प्रवासाला ना अंथरूण लागलं, ना ट्रंक. रात्रीच्या प्रवासाचा प्रश्न पुढे आला. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग वर चढला आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता मार्ग जोडला गेला. आता माणसाला गाडीत रात्री काढाव्या लागणार होत्या. मग पहिल्या वर्गाचा डबा हळूहळू खोलीसारखा बांधला जाऊ लागला.

त्या काळातली पहिल्या वर्गाची खोली डब्याच्या पूर्ण रुंदीची असे. दोन्ही बाजूंना दारं, आणि ती थेट प्लॅटफॉर्मवर उघडत. आतच न्हाणीघर. डब्याच्या आतून एका खोलीतून दुसरीत जायला बोळ नव्हता. नोकरांसाठी शेजारी वेगळी छोटी खोली असे. सामानाच्या दृष्टीने ही रचना फार सोयीची होती. हमालाने प्लॅटफॉर्मवरून पेटी उचलायची, समोरच्या दारातून सरळ आत ठेवायची आणि बर्थखाली ढकलायची. कुठे वळायचं नाही, कुणाला ‘जरा सरका’ म्हणायचं नाही.

अंथरूण मात्र प्रवाशाने स्वतःचं आणायचं. त्यातून होल्डॉल नावाची वस्तू घराघरांत रुजली. जाड कॅनव्हासची गुंडाळी, दोन्ही टोकांना कप्पे, वर चामड्याचे पट्टे. गादी, उशी, चादर, धोतर, चपला, सगळं तिच्या पोटात. साहेबाचा होल्डॉल तशी आपल्या आजोबांची वळकटी. तिचं मोठेपण असं की रात्री ती उलगडली की सामान राहतच नसे, त्याचं अंथरूण होई. जागा अडवणाऱ्या वस्तूवरच माणूस झोपत असे. आजच्या कुठल्याही बॅगेला हे जमलेलं नाही. पुढे वातानुकूलित वर्गांत रेल्वेच चादरी-ब्लँकेट देऊ लागली आणि होल्डॉल माळ्यावर गेला.

जास्तीचं सामान ‘लगेज’ करायची पद्धत होती. वजन करून पावती घ्यायची, पेट्या ब्रेकव्हॅनमध्ये, आणि आपल्याबरोबर रात्रीपुरतं. विलायतेच्या बोटीचे प्रवासी मुंबईत बॅलार्ड पिअरला उतरत. तिथल्या मोल स्थानकातून १९२८ पासून फ्रंटियर मेल पेशावरकडे निघत असे. बोटीच्या सामानाची विभागणी ठरलेली होती. जे प्रवासात लागणार नाही ते बोटीच्या पोटात आणि लागेल तेवढंच केबिनमध्ये. केबिन ट्रंक मुद्दाम बुटकी बनवत, कारण ती बोटीतल्या बंकखाली जायला हवी. युरोपात १८८३ मध्ये सुरू झालेल्या ओरिएंट एक्सप्रेसलाही सामानाचा डबा वेगळा होता. म्हणजे जिथे जिथे माणसाने प्रवासात पलंग मागितला, तिथे तिथे त्याने सामानाचे आधी दोन भाग केले.

आता आमच्या कोल्हापूरच्या मार्गाकडे वळतो. कोल्हापूर-मिरज रेल्वेची पायाभरणी १८८८ मध्ये झाली आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. पुणे-मिरज-कोल्हापूर हा मार्ग तेव्हा मीटरगेज होता आणि मुंबई-पुणे ब्रॉडगेज. त्यामुळे मुंबईहून कोल्हापूरला जाणाऱ्याला पुण्यात गाडी बदलावी लागे. एका गाडीतून सगळं उतरवायचं, दुसरीत चढवायचं, आणि तेही नेमक्या झोपेच्या वेळी. आमचे आजोबा नग मोजत उतरत. ‘सात आणि तांब्या’ असा त्यांचा आकडा ठरलेला होता. पुण्यात आठ मोजून झाल्याशिवाय ते हमालाला पैसे देत नसत.

या मार्गावर सामान घेऊन उतरलेल्या प्रत्येकाला मात्र हमाल किंवा गाडीवान मिळत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात १९०१ सालचा स्वतःचा अनुभव सांगितला आहे. साताऱ्याला राहणारी घरातली मुलं वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. नवे कपडे, रेल्वेचा पहिलाच प्रवास. मसूर स्थानकावर उतरली तर घ्यायला कुणी आलेलं नव्हतं, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली आणि जात कळताच तो मागे सरकला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एकजण तयार झाला. तो स्वतः बाजूने चालत राहिला. मसूर याच पुणे-मिरज मार्गावर आहे. आमची रात्रीची गाडी तिथून जाते तेव्हा आम्ही गाढ झोपलेले असतो. सामान बर्थखाली बसत नाही ही तक्रार करताना, सामानासह स्थानकावर उभ्या असलेल्या त्या मुलांची आठवण ठेवलेली बरी.

स्वातंत्र्यानंतर डबे बदलले. १९५५ मध्ये मद्रासजवळ पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली. पहिल्या वर्गाच्या जुन्या सुट्या खोल्या जाऊन बोळाचे डबे रूढ झाले. डब्याच्या टोकाला दार, एका कडेने लांब अरुंद बोळ आणि बोळात उघडणाऱ्या खोल्या. चार बर्थची ती केबिन, दोन बर्थचा तो कुपे. ‘कुपे’ हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ ‘कापलेला’. तिकीट काढताना तो मागून मिळत नाही. कुणाला केबिन आणि कुणाला कुपे हे चार्ट लागताना ठरतं.

सुरक्षिततेसाठी आणि तिकीट तपासनिसासाठी बोळ चांगलाच. सामानाच्या वाटेत मात्र त्याने दोन काटकोन आणले, एक डब्याच्या दारातून बोळात शिरताना आणि दुसरा बोळातून खोलीत शिरताना. पूर्वीची लांबलचक पेटी सरळ आत जाई, ती आता वळणावर अडू लागली. १९७० च्या सुमारास पुणे-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, पुढे महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून थेट जाऊ लागली आणि पुण्याची मध्यरात्रीची धावपळ संपली. बर्थखालची जागा मात्र तेवढीच राहिली.

रेल्वेचे सामानाचे नियम वाचले की गंमत कळते. फर्स्ट एसीच्या प्रवाशाला ७० किलो सामान मोफत, टू टियरला ५०, थ्री टियर आणि स्लीपरला ४०, सेकंड क्लासला ३५. म्हणजे कुपेतली दोन माणसं १४० किलो घेऊन जाऊ शकतात! विमान कंपनी हे ऐकून चक्कर येऊन पडेल. पण त्याच नियमांत दुसरं माप आहे. डब्यात न्यायची ट्रंक किंवा सूटकेस १०० × ६० × २५ सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. लांबी भरपूर, रुंदी भरपूर, उंची मात्र पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे दहा इंच. प्रत्यक्षात डब्यागणिक थोडी जास्त जागा निघते, पण हिशोब दहा इंचांचा.

विमानाचा हिशोब अगदी उलटा. वजन कंजूषपणे द्यायचं आणि माप बेरजेने घ्यायचं. बहुतेक विमान कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर धरतात. रेल्वेच्या ट्रंकेची बेरीज १८५ होते, म्हणजे रेल्वेची पेटी मोठी. पण बेरजेत जाडीवर वेगळा अंकुश नाही. बॅग बनवणाऱ्याने लांबी कमी करून पोट वाढवलं तरी विमानाची हरकत नसते.

त्यात चाकं आली. बॅगेला चाकं लावण्याचं अमेरिकेतलं पेटंट बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळालं. रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये उभी बॅग, दोन चाकं आणि ओढायचा दांडा ही जोडणी केली. मग चार चाकं आली, कडक कवच आलं आणि शेवटी ‘एक्सपांडर’ची ती घातक झिप आली. हमालाच्या डोक्यासाठी बनलेली पेटी सपाट होती, विमानतळाच्या फरशीसाठी बनलेली बॅग उभी आणि ढेरपोटी झाली. आपल्या दुबई मेट्रोने मोठ्या बॅगेसाठी ठरवलेलं माप ८१ × ५८ × ३० सेंटिमीटर आहे. जाडी तीस! म्हणजे बुरजुमान स्टेशनात बिनतक्रार चढणारी बॅग भारतीय रेल्वेच्या कागदी मापात बसत नाही.

आखातातून घरी सामान नेण्याची परंपरा विमानापेक्षा जुनी आहे, हेही नोंदवायला हवं. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबई-कराची-आखात अशा फेऱ्या करत. दुबईला तेव्हा खोल पाण्याचा धक्का नव्हता. बोट बाहेर नांगरायची आणि माणसं व पेट्या लहान होड्यांतून ने-आण करायच्या. एप्रिल १९६१ मध्ये यांतलीच ‘दारा’ वादळामुळे दुबईचा नांगर उचलून समुद्रात गेली आणि स्फोट होऊन २३८ माणसं दगावली. ‘द्वारका’ ही शेवटची बोट १९८२ पर्यंत चालली. त्या बोटींनी मुंबईत उतरून पुढे रात्रीच्या गाडीने गावी गेलेली माणसं ही आपल्या आधीची पिढी.

आता माझा प्रसंग. बाबा गेल्यावर कोल्हापूरचं घर आवरलं आणि आईला इकडे आणायचं ठरलं. मी मनखूलमधून दोन मोठ्या बॅगा रिकाम्याच घेऊन गेलो होतो. परतताना आई, मी, त्या दोन भरलेल्या बॅगा आणि बाबांची जुनी पत्र्याची ट्रंक. ट्रंक ठाण्याला बहिणीकडे ठेवायची होती. स्थानकावर हमालाने बॅगेकडे पाहून विचारलं, “साहेब, ही बॅग हाय का कपाट?”

चार्टमध्ये आम्हाला कुपे मिळाला होता. पहिली बॅग बोळाच्या वळणावर अडकली. ती तिरकी करून आत घेतली तर बर्थखाली जाईना. एक्सपांडरची झिप उघडलेली आणि खाली चाकं. बोटभर कमी पडत होतं. मी गुडघ्यांवर बसून रेटत होतो. आई म्हणाली, “अरे, उगाच जोर लावू नकोस. आधी ट्रंक घाल.”

ट्रंक एका हाताने ढकलली. घसरत थेट भिंतीपर्यंत गेली.

“तुझे बाबा दुकानात टेप घेऊन गेले होते,” आई म्हणाली. “दहा इंचांच्या वर उंच नको म्हणाले. दुकानदार मोठी त्याच भावात देत होता, तरी घेतली नाही.”

बाबा आयुष्यात कधी फर्स्ट क्लासने गेले नाहीत. खात्याच्या कामाला मुंबईला जायचे ते सेकंड क्लासच्या स्लीपरने. पण बर्थखालची उंची दोन्हीकडे त्यांना ठाऊक होती.

शेवटी झिप बंद करायला एका बॅगेतून दोन साड्या, एक गोधडी आणि बाबांचा स्वेटर काढला. ती बॅग कशीबशी खाली गेली, दुसरी रात्रभर दाराशी उभी राहिली. गोधडी आईने पांघरली आणि स्वेटर उशाला घेतला. रेल्वेने दिलेलं ब्लँकेट तसंच घडीत राहिलं. दार लावल्यावर ती थोडा वेळ बसूनच होती. “इथं कुणी ‘कुठवर?’ म्हणून विचारायचंसुद्धा नाही,” असं म्हणाली आणि मग झोपली.

आता आई आमच्याबरोबर मनखूलमध्ये असते. मागच्या सुट्टीआधी नवी बॅग घ्यायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा तिने शिवणाच्या डब्यातली टेप पर्समध्ये घातली होती. दुकानातला मुलगा बॅगेचे लिटर सांगत होता. आईने बॅग आडवी पाडायला लावली आणि चाकांसकट उंची मोजली. तीन बॅगा नापास झाल्या, चौथी घेतली.

यंदा गावी जाणाऱ्यांनी आमच्याकडून टेप जरूर न्यावी. परत मात्र आणून द्यावी, ती बाबांचीच आहे.