पत्त्यांतली कोंडी

आमच्या घरात पत्त्यांना मज्जाव होता. ‘जुगार आहे तो,’ एवढं म्हणून अब्बा विषय संपवत. जुगार हराम आहे, याबद्दल माझं दुमत नाही. पण पैसे न लावता खेळलेला ब्रिजही नशिबाचाच खेळ आहे का, हा प्रश्न मला इतिहासाकडे घेऊन गेला.

पत्ते युरोपात गेले ते मुस्लिम जगातून. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात मामलुक काळातल्या इजिप्तचा संच आहे. प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे त्याचे चार रंग. मलिक, नायब मलिक आणि सानी नायब ही त्यातली मोठी पानं. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना ‘नाइपे’ म्हणतात, ते या ‘नायब’वरूनच आलं असं मानलं जातं. आपल्या मराठीतले ‘हुकूम’ आणि ‘गुलाम’ हेही मूळ अरबीच.

पुढे इंग्लंडात व्हिस्ट रुजला. 1857 साली लंडनमध्ये हेन्री जोन्स यांनी एक प्रयोग केला. एकीकडे चांगले खेळाडू, दुसरीकडे कच्चे, आणि वाटलेली पानं दोन्ही टेबलांवर तीच. चांगले खेळाडू जिंकले. वाटपातलं नशीब वजा केल्यावर जे उरतं, ते कौशल्य. याच व्हिस्टच्या घराण्यात 1925 मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी जहाजप्रवासात कॉन्ट्रॅक्ट ब्रिजच्या गुणांची पद्धत बसवली.

या खेळातला मला सर्वांत आवडणारा डाव म्हणजे स्क्वीझ, अर्थात कोंडी. शेवटचे तीन हात उरलेत असं समजा. डमीकडे इस्पिकचा एक्का, गुलाम आणि चौकटची दुर्री. तुमच्या हातात इस्पिकची दुर्री, बदामाची राणी आणि किलवरचा एक्का. प्रतिस्पर्ध्याकडे इस्पिकचे राजा-राणी आणि बदामाचा राजा. वरवर पाहता तुमचे हक्काचे हात दोनच. आता किलवरचा एक्का टाका. प्रतिस्पर्ध्याला एक पान सोडावंच लागतं. इस्पिक सोडलं तर डमीचा गुलाम मोठा होतो, बदाम सोडला तर तुमची राणी. त्याने चूक केलेली नसते. दोन दारांवर एकटा पहारेकरी होता, इतकंच. तिन्ही हात तुमचे.

कधी कधी या कोंडीसाठी आपलाच एक्का आधी खेळून टाकावा लागतो. डमीतला बदामाचा एक्का वाटेतून दूर होतो, समोरच्याचा राजा काही काळ सर्वांत मोठा ठरतो आणि मग तोच त्याला अडकवतो. याला ‘व्हिएन्ना कू’ म्हणतात. जेम्स क्ले यांनी 1864 मध्ये, व्हिस्टच्या जमान्यातच, तो छापला होता. पण हे साधायचं तर पडलेलं प्रत्येक पान लक्षात ठेवावं लागतं.

1981 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट चेस्टर इथे बर्म्युडा बाउल ही जागतिक स्पर्धा झाली. कराचीच्या झिया महमूद यांच्यासह पाकिस्तानचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. तिथे तो अमेरिकेकडून हरला, पण तिथवर कुणी नशिबाच्या जोरावर पोहोचत नाही.

अब्बा जुगाराबद्दल बरोबर होते. पण पैसे बाजूला ठेवल्यावर टेबलावर उरतात ती स्मरणशक्ती, हिशोब आणि सब्र. यातलं काहीही मुलांपासून लपवावं असं मला वाटत नाही. माझ्या घरात आता पत्ते आहेत.