मलकपेठ : इमारतीतील वाहनतळाचा नियम आणि गणित

हैदराबादेत मुसी नदीवरील चादरघाटचा पूल ओलांडला की मलकपेठ लागते. कुतुबशाही काळातील मलिक याकूब या सेवकाच्या नावावरून ही पेठ ओळखली जाऊ लागली, असे मानले जाते. घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, कांदा-मिरचीचा घाऊक बाजार, रुग्णालये आणि दाट वस्ती हे सारे येथे एकमेकांना खेटून आहे. २४ सप्टेंबर २०१८ रोजी अमीरपेठ ते एल. बी. नगर हा मेट्रोचा टप्पा सुरू झाला आणि मलकपेठ स्थानक रेल्वेच्या नकाशावर आणखी ठळक झाले. अशा जुन्या पेठेत बैठे घर पाडून बहुमजली इमारत उभी राहते, तेव्हा गाड्या ठेवायच्या कोठे, हा पहिला प्रश्न असतो.

नियमाचे स्वरूप

तेलंगणात इमारत बांधणीसाठी २०१२ ची नियमावली आधारभूत आहे. तिच्यानुसार वाहनतळाचे क्षेत्र एकूण बांधीव क्षेत्राच्या टक्केवारीत ठरते. मॉल आणि बहुपडदा चित्रपटगृहांसाठी ही टक्केवारी सर्वाधिक, तर निवासी इमारतींसाठी कमी असते. ही जागा तळघरात, खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यावर म्हणजे स्टिल्टमध्ये, किंवा आवारात देता येते. महाराष्ट्राची पद्धत निराळी आहे. तेथील २०२० च्या एकत्रित नियमावलीत सदनिकेच्या चटईक्षेत्रानुसार मोटारी आणि दुचाकींची संख्या ठरवून दिलेली आहे.

लहान भूखंडाचे गणित

एका मोटारीला उभे राहण्यास अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा पुरते. परंतु गाडी आत-बाहेर नेण्याची वाट धरली तर नगररचनेच्या प्रचलित मापानुसार उघड्यावर २३, तळमजल्याच्या छताखाली २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर लागतात. आता २०० चौरस यार्डांचा, म्हणजे सुमारे १६७ चौरस मीटरचा भूखंड घेऊ. त्यावर चार मजले आणि प्रत्येक मजल्यावर दोन लहान सदनिका बांधल्या, तर कुटुंबे आठ झाली. प्रत्येकी एक मोटार धरल्यास २२४ चौरस मीटर जागा हवी. ती भूखंडाहूनही अधिक होते. सभोवारची मोकळी जागा, जिना व उद्वाहक वजा जाता तळमजल्यावर १०० चौरस मीटर उरले, तर तीनच मोटारी मावतात. उरलेल्या पाच रस्त्यावर येतात. वाहनतळासाठी दाखवलेल्या तळमजल्यावर पुढे दुकान वा गोदाम थाटले गेले, तर त्या तीनही बाहेर पडतात.

हा गैरवापर रोखण्यासाठी ठराविक आकाराहून मोठ्या बांधकामात दहा टक्के बांधीव क्षेत्र महापालिकेकडे तारण ठेवण्याची तरतूद आहे. काम मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की ते सुटते. मात्र प्रमाणपत्र मिळाल्यानंतर होणाऱ्या बदलांवर या तारणाचा अंकुश राहत नाही. तेथे तपासणीच हवी.

ग्राहकाचे हक्क

मार्च २०१८ मध्ये तेलंगण सरकारने मॉल व व्यापारी संकुलांतील शुल्काविषयी आदेश काढला. पहिली तीस मिनिटे विनाशुल्क, त्यापुढे एका तासापर्यंत खरेदीची पावती दाखवल्यास विनाशुल्क, आणि तासानंतर पावतीची रक्कम शुल्काहून अधिक असल्यास विनाशुल्क, असे त्याचे सूत्र होते.

सदनिका घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबईतील दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला, की स्टिल्टमधील जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती सामाईक क्षेत्राचा भाग असून बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. हा निर्णय महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याखाली झाला. २०१६ च्या रेरा कायद्यानेही उघडे वाहनतळ सामाईक क्षेत्रात धरले आहे. हा कायदा तेलंगणाप्रमाणेच गोव्यालाही लागू आहे.

दुसरी बाजू

किमान वाहनतळाची सक्ती हाच उपाय आहे काय, याविषयी जगात पुनर्विचार चालू आहे. अशा सक्तीचा खर्च घराच्या किमतीत मिसळतो आणि गाडी नसलेल्यालाही तो सोसावा लागतो, हे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ मधील ग्रंथात मांडले. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये किमान मर्यादा काढून कमाल मर्यादा घातली. जपानमध्ये मोटार नोंदवण्यापूर्वी ती ठेवण्याची जागा सिद्ध करावी लागते. तेथे जबाबदारी इमारतीहून अधिक वाहनमालकावर आहे. आपल्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनतळाचे शुल्क जागेच्या मोलाशी जोडावे, असे सुचवले आहे.

मेट्रो दाराशी असलेल्या मलकपेठेत दोन्ही विचारांना वाव आहे. पण सक्ती शिथिल करावयाची तर रस्त्यावरची फुकट जागाही आटोक्यात आणावी लागेल, अन्यथा इमारतीची उणीव पदपथ भरून काढतो. पणजी, म्हापसा वा मडगावात सदनिका घेणाऱ्यानेही मंजूर नकाशा मागून त्यातील वाहनतळ प्रत्यक्षात आहे ना, हे खरेदीखतापूर्वीच पाहून घ्यावे.