परळ

परळ : मुंबई बेटाच्या मध्यभागातील वस्ती, आणि ज्या सात बेटांच्या जोडणीतून हे शहर घडले त्यांपैकी एकाचे नाव. पूर्वेस शिवडी बंदर, दक्षिणेस लालबाग, उत्तरेस दादर आणि पश्चिमेस, लोहमार्गाच्या पलीकडे, लोअर परळ. परळी वैजनाथ महादेवाच्या देवळावरून हे नाव पडले असे एक मत असून पाडळ वृक्षावरून पडले असे दुसरे आहे. येथील शैव उपासनेचा प्राचीन पुरावा लक्षात घेता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. ज्योतिर्लिंगामुळे प्रख्यात असलेली बीड जिल्ह्यातील परळी आणि सज्जनगडाच्या पायथ्याची साताऱ्याकडील परळी ही याच कुळातील नावे होत.

गावाचे नाव वादकांच्या समूहाने धारण करणे ही गोष्ट जगात विरळा नाही. १७७३ साली ज्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या त्या अमेरिकेतील बॉस्टनचे नाव तेथील एका रॉक वाद्यवृंदाने घेतले, आणि १९७६ साली काढलेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेलाही तेच दिले. परळ-लालबागेत ही चाल बँजो पथकांनी राखली आहे. आपल्या वाडीचे, चाळीचे वा वस्तीचे नाव लावून ती गणपतीच्या मिरवणुकीत उतरतात, आणि नरे पार्कचा गणपतीही ‘परळचा राजा’ म्हणूनच ओळखला जातो.

परळमधील पोर्तुगीज अमदानीतील एका ख्रिस्ती मठाची इमारत इंग्रजांनी ताब्यात घेतली, व १७७१ पासून हॉर्नबी या गव्हर्नराने तेथे वास्तव्य केले. पुढे दीर्घकाळ ती सरकारी निवासस्थान म्हणून वापरात होती. गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार टेकडीवर हलल्यानंतर, १८९६ च्या प्लेगच्या साथीने शहर हवालदिल झाले असता, जीवाणुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांची प्लेगवरील प्रयोगशाळा १८९९ साली याच वास्तूत आली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय १९२६ साली व टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाल्यावर दूरदूरच्या खेड्यांतून आलेल्या रुग्णांना परळ हे नाव पाठ झाले. पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनेक वर्षे काढली, आणि बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ साली येथील दामोदर हॉलमध्ये झाली.

तथापि परळचे खरे रूप घडविले ते गिरण्यांनी आणि १८७९ साली सुरू झालेल्या रेल्वे वर्कशॉपने. भोंग्यावर उठणारी, पाळीवर जाणारी, कोकण व घाटावरून आलेली ही कष्टकरी वस्ती दिवसभर लोखंडाचा व मागाचा आवाज ऐके, आणि रात्री भजन, नमन, शाहिरी व कामगार नाटके यांत आपला आवाज शोधी. अशाच रीतीने इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाने १९६८ च्या सुमारास हेवी मेटल नावाच्या संगीताचा पाया घातला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातच तुटली होती. ज्या हातांनी यंत्रे चालविली त्याच हातांनी नाद निर्माण केला, हे साम्य आमच्या मते केवळ योगायोगाचे नाही. मात्र परळात क्रम उलटला. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला, तो यशस्वी झाला नाही, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या; आणि लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडात २००७ ते २०१६ या काळात चाललेल्या ब्लू फ्रॉग या संगीतगृहात हेवी मेटलचे वाद्यवृंद वाजू लागले, तेव्हा ते ऐकण्यास आलेल्यांत जुना कामगार अभावानेच होता. ही कलावंतांची कसूर नव्हे. ज्यांनी गिरण्यांची जागा सोडवून घेताना कामगारांच्या देण्याचा व घरांचा निकाल लावला नाही त्यांचीच ती होय.

वाद्यांचा येथील सर्वांत प्राचीन अवशेष दगडात आहे. १९३१ साली परळ-शिवडी भागात रस्त्याचे काम चालू असता एक प्रचंड शिवशिल्प सापडले. सुमारे साडेतीन मीटर उंचीच्या एकाच पांढरट शिळेत एकातून एक उद्भवलेल्या सात शिवमूर्ती कोरल्या असून त्यांच्या पायाशी वाद्ये घेतलेले गण बसले आहेत. अभ्यासक त्याचा काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक मानतात. घारापुरीच्या लेण्यांशी नाते सांगणारे हे शिल्प त्यांच्याइतके प्रसिद्ध नाही, हे मोठेच दुर्दैव. त्याची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, पण मूळ शिल्प परळच्याच बारादेवी मंदिरात असून जिज्ञासूने ते तेथे जाऊन पाहावे.